तळचा बेदाणा

पहिल्या वर्षी मी वरचाच बेदाणा पाहिला.
तासगावच्या सौद्यात पेटी फोडली की
वरचा थर हिरवा, एकसारखा,
पाहुणे येणार म्हणून आवरलेल्या घरासारखा.
शेजारचा व्यापारी मूठभर उचलून उधळत होता,
चपलेखाली चिकचिकत होतं,
आणि मी मनात गुणाकार करत होते:
एकशे बहात्तर. चाळीस पेट्या. सहाशे किलो.
मिरजेच्या बेकरीवाल्याला दोनशेचा शब्द देऊन आले होते.
किलोमागे अठ्ठावीस!
एवढं सोपं गणित मला शाळेतही कुणी घातलं नव्हतं.

मग हमाली आली. ती येणारच. चारशे ऐंशी.
इलाही मुजावरचा टेम्पो, बावीसशे.
माल उतरवून तो दाराशी घुटमळला,
"ताई, परत रिकामा जाणार. त्याचे नऊशे."
रिकाम्या टेम्पोत काय भरलेलं असतं
ते मला तेव्हा कळलं.

कोल्ड स्टोरेजचा माणूस फार गोड बोलला.
पेटीला महिन्याला फक्त बारा, म्हणाला.
हा "फक्त"
चार महिने थंडीत ठेवला
आणि बाहेर काढला तेव्हा एकोणीसशे वीस झाला होता.

मग पेट्या उलट्या केल्या.
तळाला काड्या, करपलेले दाणे, रॅकवरची धूळ,
एका पेटीत तर बागेतली सुतळी, गाठीसकट.
गजरामावशी आणि पाच जणी
तीन दिवस परातींवर वाकून बसल्या,
साडेतीनशे रोजानं.
एकतीस किलो निवडून टाकलं.
नऊ किलो कुणीच नेलं नाही,
ते सुकून गेलं.

बाहुबली उपाध्ये आमची वही बघतात.
त्यांनी बेरीज केली, एक लाख पंधरा हजार,
पाचशे साठ किलोंनी भागलं,
आणि कागद माझ्याकडे फिरवला:
दोनशे पाच रुपये छत्तीस पैसे.
"जीएसटी धरलेला नाही," म्हणाले. "तो परत मिळतो."
परत मिळेपर्यंत तो कुणाच्या खिशात झोपतो,
हे मी विचारलं नाही.
बेकरीवाल्याला दोनशेनंच दिला.
शब्द दिला होता.

गजरामावशी पैसे मोजून पदराच्या गाठीत बांधत होती.
"तुजी तूट लिवलीस," म्हणाली,
"आमच्या डोळ्यांची कुठं लिवलीस?"
मी हसले.
ती हसली नव्हती.

दुसऱ्या वर्षी मी पेटीत कोपरापर्यंत हात घातला.
मागून कुणीतरी ओरडलं,
"ताई, म्हैस अडलीय काय?"
सगळा सौदा हसला. मीही.
पण हात काढला तो तळाचा दाणा घेऊनच.
एकशे अठ्ठ्याऐंशीला घेतला तो लॉट,
माझ्या अडत्यानं मान हलवली,
सोळा रुपये जास्त, शिकणार कधी ही बाई.

इलाहीला मिरजेहून तासगावचं भाडं आधीच बघून ठेवलं,
रद्दीचं का असेना.
आठ किलो तूट.
निवडायला दोघी, एकच दिवस.
एकशे नव्व्याण्णव एकोणपन्नास,
उपाध्येंनी दोनदा भागून बघितलं.
बेकरीवाल्याला या खेपेला आधी शब्द दिला नव्हता.

दोघीच. एकच दिवस.
गजरामावशीचे दोन रोज बुडाले माझ्या शहाणपणात.
हे जमेला लिहायचं की नावे,
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याच संध्याकाळी तिला मिरजेत, हायस्कूल रोडवर नेलं.
भिंतीवरची खालची ओळ तिला दिसेना,
वरची दिसली, पण वाचता येईना.
मग दुकानदारानं चित्रांचा तक्ता काढला.
साडेसहाशेचा चष्मा, फ्रेम तिनं निवडली, लालसर.

उपाध्येंनी पावती हातात धरली.
"हे कुठल्या खात्यात?"
बेदाणा, मी म्हणाले.
"मग दोनशेच्या वर जातंय."
जाऊ दे.
त्यांनी पेन झटकलं
आणि बेरीज पुन्हा पहिल्या आकड्यापासून धरली.